गळाला लागलेला जीव

काश्मीरमध्ये हरमुख पर्वताच्या पायथ्याशी नुंदकोल नावाचे लहानसे, देखणे सरोवर आहे. त्यातला ट्राउट मासा मूळचा तिथला नव्हे. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मिरात आणली गेली, तीही साहेबांच्या गळाच्या हौसेपायी. आजचे काही हौशी मासा पकडतात, फोटो काढतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. याला दया म्हणतात.

आम्हांला हे पटत नाही. कुरआनने पाण्यातली शिकार हलाल ठरवली ती अन्न म्हणून. माशाला जिबह करावे लागत नाही. सुरी नाही, म्हणूनच की काय, त्याच्या जिवाचा विचारही सहसा आपल्या मनात येत नाही. पण जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करण्यास पैगंबर साहेबांनी (स.) मनाई केली होती. मग जबड्यात गळ रुतवून, दमेपर्यंत झुंजवून सोडलेला मासा कोणत्या हिशेबात धरायचा? स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणी संरक्षण नियमांनी तर सोडून देण्याच्याच हेतूने मासे पकडायला बंदी केली.

कोकणातले आपले दालदी बांधव जाळे ओढतात ते चुलीसाठी, बाजारासाठी. त्यांना दयाळू कोणी म्हणत नाही. क्रूर म्हणणारे मात्र भेटतात.