उपटलेला वेल आणि कमी पगाराची नोकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मी काही प्रवचनकार नाही. आयुष्यभर बँकेत खतावण्या लिहिल्या, त्यामुळे हिशेबाच्या अंगानेच चार शब्द लिहितो.

मागे एका गुरुवारी आरती झाल्यावर माझा पुतण्या आष्टीच्या आमच्या ओसरीवर येऊन बसला. शहरातल्या कारखान्यात 12 वर्षे मशीनवर होता. ते खातेच बंद झाले आणि याला घरी बसवले. पगार 32 हजार होता. आता परतूरला एका गोदामात मालाची आवक-जावक लिहायचे काम मिळत होते, 18 हजारांवर. म्हणाला, "काका, 32 वरून 18 वर यायचं? गावात तोंड कसं दाखवावं? लाज वाटायलीय."

मी आधी कागद-पेन्सिल घेतली. शहरात 32 तून 8 हजार भाडे जाई, 24 उरत. इथे घर आपले. 18 तून जाण्या-येण्याचे दीड हजार गेले तर साडेसोळा. म्हणजे खरी तूट 14 हजारांची नाही, साडेसात हजारांची. आणि जवळ काय? कायद्याप्रमाणे कपात केलेल्या कामगाराला सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार. 12 वर्षांचे झाले सहा महिने. ग्रॅच्युइटी वेगळी. एवढ्यावर मोठ्या पगाराची वाट किती दिवस बघणार?

हिशेब त्याला पटला, पण लाज गेली नाही. तेव्हा गुरुचरित्रातली घेवड्याच्या वेलाची कथा आठवली. अमरापूरच्या गरीब ब्राह्मणाकडे श्रीनृसिंहसरस्वती भिक्षेला आले. घरात धान्य नव्हते, घेवड्याच्या शेंगांचीच भाजी वाढली. महाराज जेवले आणि जाताना तो वेलच उपटून गेले! बाईने आकांत केला. नवऱ्याने तिची समजूत घातली आणि उरलेले मूळ काढायला खणू लागला, तेव्हा द्रव्याचा हंडा लागला.

ही कथा आपण हंड्यासाठी ऐकतो. पण नोकरी गेलेल्या प्रत्येकाला हंडा सापडतो असे म्हणणे खोटे ठरेल. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारोंना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. कोणी वॉचमन झाले, कोणी भाजी विकली. त्यांना हंडा कुठे मिळाला? म्हणून मला त्या कथेत त्या माणसाचे खणणे मोठे वाटते. वेल गेला म्हणून तो कपाळाला हात लावून बसला नाही, समोरचे काम हाती घेतले.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतात. त्यात कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर दुसरे पक्षी त्याला टोचत होते. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. पुतण्याला म्हणालो, "बाबा, तुझा तुकडा म्हणजे 'मी 32 हजारवाला' हा अभिमान. लोक त्यालाच टोचतात. तो टाक. पोटाची भूक मात्र टाकता येत नाही."

इथे एक सावधपणा हवा. 'समाधानी राहा' हे आपण स्वतःला सांगावे. मालकाने ते नोकराला सांगून पगार कापला तर तो परमार्थ नव्हे. कायद्याने मिळणारी रक्कम मागणे हा लोभ नाही, तो कष्टाचा हक्क आहे. आणि लबाडीचे काम असेल तर दुप्पट पगारावरही करू नये.

मग ठरवायचे कसे? मला तीन प्रश्न सुचतात. काम स्वच्छ आहे का? घरातल्यांचे पोट त्यात भरते का? आणि नकार देतोय तो विचाराने की केवळ लोकलाजेने? पहिल्या दोहोंना होकार असेल आणि अडवणारी फक्त लाज असेल, तर काम घ्यावे. घेतल्यावर चांगले शोधणेही सोडू नये.

पुतण्या दुसऱ्या सोमवारी कामावर रुजू झाला. तंगी आहे. मुलीची शिकवणी बंद करावी लागली, ते त्याला लागते, मलाही लागते. पण परवा पारावर कोणीतरी विचारलं, "सध्या काय करतोस?" त्यानं मान वर करून सांगितलं. तेवढ्यानं माझ्या जिवाला बरं वाटलं.

आपण वडीलधाऱ्यांनी एवढे करावे. अशा मुलाला "पगार किती?" असे आधी विचारू नये. "जेवलास का?" असे विचारावे.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥