वक्री गुरू आणि गुरुवारची दत्तजयंती

२०२५ साली दत्तजयंती गुरुवारी आली, ४ डिसेंबरला. दत्तभक्ताला याहून मोठा योग कोणता? पण सप्ताहाच्या वर्गणीसाठी घरोघर फिरलो तेव्हा आनंदापेक्षा शंकाच जास्त ऐकायला मिळाल्या. गुरू ११ नोव्हेंबरपासून वक्री आहे आणि जयंतीच्या दुसऱ्याच दिवशी कर्केतून परत मिथुनेत जातोय, मग पारायणाला बसावं की नाही? शनी २८ नोव्हेंबरला मार्गी होतो, सोयरीक त्यानंतर करावी का? मी कॉमर्सचा माणूस, जन्म बँकेच्या काउंटरवर गेला. पण पंचांग वाचायचा नाद वडिलांपासून लागलेला, म्हणून लोक मला विचारतात.

आधी वक्री म्हणजे काय ते बघू. पंचांगात ग्रहाचे रोजचे अंश-कला दिलेले असतात. एरवी ते वाढत जातात, ग्रह वक्री असला की कमी होत जातात. मग ग्रह खरंच मागं फिरतो का? गेवराईहून बीडला येताना आपली एस.टी. उसाच्या ट्रॅक्टरला मागं टाकते. त्या वेळी खिडकीतून पाहिलं तर लांबच्या डोंगराच्या मानानं ट्रॅक्टर मागं सरकल्यासारखा वाटतो. ट्रॅक्टर मात्र पुढंच चाललेला असतो. पृथ्वीची सूर्याभोवतीची फेरी एका वर्षाची, गुरूची जवळजवळ बारा वर्षांची, शनीची साडेएकोणतीस वर्षांची. म्हणून दरवर्षी आपण त्यांना मागं टाकतो आणि तेव्हा गुरू सुमारे चार महिने, शनी साडेचार महिने वक्री दिसतो. सूर्य-चंद्र कधीच वक्री होत नाहीत. आपल्या जुन्या गणितींनी पृथ्वी मध्यभागी धरली होती, तरी वक्रगतीचं गणित त्यांनी बसवलं होतं. सूर्यसिद्धान्तात ग्रहाच्या आठ गती सांगितल्या आहेत, त्यात वक्र ही एक. गंमत अशी की फलज्योतिषातसुद्धा वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं, म्हणजे तो बलवान धरतात. नुसता वक्री शब्द ऐकून घाबरायचं कारण शास्त्रातही नाही.

साडेसातीचाही साधा कारकुनी हिशेब आहे. शनी एका राशीत सुमारे अडीच वर्षं. तो आपल्या राशीच्या मागच्या, आपल्या आणि पुढच्या राशीत असतो ती साडेसात वर्षं. म्हणजे बारा राशींपैकी तीन राशींना साडेसाती कायम चालूच असते. आत्ता शनी मीनेत आहे, म्हणून कुंभ, मीन आणि मेष. गावातल्या साधारण चौथ्या माणसाला कोणत्याही दिवशी साडेसाती असणारच. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात पुरानं शेतं खरडून नेली, ती काय या तीनच राशींची होती?

हे सगळं मला आधीही ठाऊक होतं. ठाऊक असून मी एकदा जे केलं, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२०१२ सालचा फेब्रुवारी महिना. आमच्या शाखेचा एक खातेदार, मोसंबीची बाग असलेला, काउंटरवर आला. विहिरीच्या खोलीकरणासाठी कर्ज काढावं असं त्याच्या मनात होतं. कागद जवळजवळ तयार होते. जाता जाता त्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही पंचांग बघता म्हणं. माझी तूळ रास. काढू का कर्ज?" शनी तेव्हा तुळेत होता आणि नुकताच, ७ तारखेला, वक्री झाला होता. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "साडेसाती आहे, त्यात शनी वक्री. जूनअखेर मार्गी होईल, तोवर थांबा." तो थांबला. विहिरीचं काम उन्हाळ्यातच होतं. जूनअखेर ते राहूनच गेलं. त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात त्याचीही वाळली. खोलीकरण केलं असतं तर बाग वाचलीच असती असं मी म्हणत नाही. त्या साली खोल विहिरीही आटल्या होत्या. पण ठरवायचा हक्क त्याचा होता, तो मी शनीच्या नावानं काढून घेतला.

नंतर तो भेटला तेव्हा रागावला नाही. हात जोडून म्हणाला, "तुम्ही बरोबरच सांगितलं होतं साहेब. साडेसातीच होती, तुमचा काय दोष?" त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बँकेत सस्पेन्स खातं असतं. रक्कम आली आहे, पण कोणत्या खात्यात टाकायची ते कळत नाही, अशी नोंद तात्पुरती तिथं टाकतात. तिचा निपटारा करावाच लागतो, नाहीतर ऑडिटर सोडत नाही. आम्ही सगळ्यांनी शनीचं सस्पेन्स खातं करून टाकलंय. पोरगा नापास झाला, टाक शनीवर. भावाला फसवलं आणि वाद लागला, टाक शनीवर. माझा चुकीचा सल्लासुद्धा त्याच खात्यात गेला, आणि ज्याचं नुकसान झालं त्यानंच स्वतःच्या हातानं तो तिथं जमा केला. इथं ऑडिटर कुणीच नाही.

पंचांग बघू नये असं माझं म्हणणं नाही. मी आजही बघतो. गोदाकाठच्या आपल्या राक्षसभुवनला शनिदेव आहेत, साडेतीन शनिपीठांत त्याची गणना होते, आणि त्याच गावात वरद दत्तात्रेयही आहेत. मी दोन्हीकडं डोकं टेकतो. शनीला तेल वाहताना मात्र हल्ली एकच मनात असतं, की माझ्या चुका याच्या नावावर टाकू नयेत.

दत्तसंप्रदायात तर चंद्रालाच गुरू केलं आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात चंद्राकडून तो शिकतो की कला वाढतात नि घटतात, चंद्र स्वतः घटत नाही. तसे जन्मापासून मरणापर्यंतचे फेरबदल देहाचे असतात, आत्म्याचे नव्हेत. दिसणं आणि असणं यातला हा फरक. नाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि १५७३ साली काशीत ती पूर्ण केली. आपल्याकडं पारायणं होतात, पण तो चंद्र वाचून पुढं जाताना वक्री गुरूची आठवण कुणाला होत नाही.

आणि अंबाजोगाईच्या दासोपंतांची कथा? परंपरा सांगते, वडिलांनी दुष्काळात सरकारी धान्य लोकांना वाटलं, बीदरला भरणा थकला, म्हणून बादशहानं लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवलं. महिन्याची मुदत होती. मुदत संपत आली तेव्हा दत्तात्रेय दत्ताजी पाडेवाराच्या रूपानं गेले आणि रक्कम भरून पोराला सोडवलं. मी जन्मभर थकबाकीच्या याद्या केल्या, त्यामुळं ही कथा मला फार जवळची वाटते. कुंडली मांडायला देव आले नाहीत. खांद्यावर घोंगडी घेऊन, पैसे मोजायला आले.

दिवाळीनंतर आमच्या गल्लीतला एक शेतकरी आला. वय पस्तिशीचं, दोन एकर जमीन पुरात खरडून गेलेली. म्हणाला, "काका, माझी मीन रास. साडेसातीचा मधला फेरा चालू आहे. अनुदानाचे पैसेपण आले नाहीत, सगळ्यांचे आले. शनी मार्गी झाल्यावर येतील का वो?"

उत्तर जिभेवर आलं होतं, सवयीनं. ते गिळलं. म्हटलं, "आधार कार्ड, सातबारा आणि पासबुक घेऊन ये."

पासबुक बघितलं, खातं चालू होतं. सेवा केंद्रात विचारलं तर ई-केवायसी राहिलेली. अंगठा उमटत नव्हता. तीनदा पुसून, चौथ्यांदा उमटला.