वेगाचे दायित्व

रस्त्यावर माणूस दगावला म्हणजे पंचनामा चालकापासून सुरू होतो आणि बहुधा चालकापाशीच संपतो. तो प्यालेला होता काय, त्याचा परवाना चालू होता काय, गाडी किती वेगात होती, हे सारे विचारले जाते. परंतु ज्या देशात कोणत्याही रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेगाने मोटार हाकण्याची मुभा नाही, त्या देशात २०० च्या वेगाने धावू शकणारी मोटार राजरोस विकली कशी जाते, हा प्रश्न पंचनाम्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. हाकणाऱ्याचा दोष तो हाकणाऱ्याचाच, घडविणाऱ्याशी त्याचा संबंध काय, अशी आपली सहजबुद्धी आहे. ही सहजबुद्धी कशी घडत गेली आणि कशी झिजत गेली, हे पाहिल्याखेरीज तिचा न्याय करता येणार नाही.

इंग्लंडात १८४२ साली एक्स्चेकर न्यायालयापुढे टपालगाडीच्या एका गाडीवानाची फिर्याद आली. गाडी पुरविण्याचा व ती दुरुस्त राखण्याचा मक्ता राइट नामक गृहस्थाकडे होता. गाडी वाटेत मोडली आणि विंटरबॉटम हा गाडीवान जायबंदी झाला. न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला, तो गाडी निर्दोष होती म्हणून नव्हे, तर मक्त्याचा करार टपाल खात्याशी झालेला असून गाडीवान त्यात पक्षकार नव्हता म्हणून. एकदा ही मर्यादा ओलांडली की रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस दावे लावू लागेल आणि दाव्यांना अंतच राहणार नाही, हे न्यायाधीशांना वाटलेले भय त्या निर्णयाच्या मुळाशी होते. ज्याच्याशी करार त्याच्यापुरतेच दायित्व, हा सिद्धांत पुढे पाऊणशे वर्षे बहुतांशी चालला.

तो मोडला एका लाकडी चाकाने. अमेरिकेत मॅक्फर्सन नावाच्या गृहस्थाने विक्रेत्याकडून ब्यूक मोटार घेतली. ती चालू असता चाकाचे आरे कुजक्या फळीसारखे चुरगळले, गाडी कोलमडली आणि तो बाहेर फेकला जाऊन जखमी झाला. चाक ब्यूक कंपनीने स्वतः केलेले नव्हते, दुसऱ्या कारखान्यातून आणविलेले होते. करार तर विक्रेत्याशीच झालेला होता. तरीही न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयात १९१६ साली न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी निर्णय दिला की, जी वस्तू निष्काळजीपणे घडविली असता जिवाला धोका होणार हे उघड आहे आणि जी खरेदीदाराखेरीज इतरांच्याही वापरात येणार हे निर्मात्यास ठाऊक आहे, तिच्याविषयीचे त्याचे कर्तव्य कराराच्या चौकटीत कोंडता येत नाही. मोटार ताशी पन्नास मैल धावावी म्हणूनच बनविली आहे, तेव्हा तिची चाके मजबूत नसतील तर इजा जवळजवळ अटळ, हा त्यांचा युक्तिवाद मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. विरोधी मताच्या न्यायाधीशाने अपघातसमयी गाडी ताशी आठच मैलांनी जात असल्याची नोंद केलेली आहे. कार्डोझो यांनी मात्र तिच्या अंगी घातलेल्या सामर्थ्याकडे पाहून निर्मात्याचे कर्तव्य ठरविले.

तथापि चाक मोडणे निराळे आणि टक्कर होणे निराळे. टकरीच्या बाबतीत हा विचार आणखी अर्धशतक अडून राहिला. १९६६ मध्ये अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने जनरल मोटर्सविरुद्धच्या दाव्यात असे मत दिले की, आदळणे हा मोटारीचा अभिप्रेत उपयोग नव्हे. सबब आदळल्यावर आत बसलेल्यांचे काय होईल याची चिंता निर्मात्याने वाहावी असे कायदा म्हणत नाही. अवघ्या दोन वर्षांत, १९६८ साली, दुसऱ्या अपील न्यायालयाने त्याच कंपनीच्या कॉर्व्हेअर गाडीसंबंधीच्या दाव्यात नेमका उलट कौल दिला. समोरासमोरच्या टकरीत त्या गाडीचा सुकाणूदंड मागे सरकून चालकाच्या डोक्यावर आदळला होता. टक्कर हा मोटारीचा उद्देश नसेल, परंतु ती मोटारीच्या वापरातून निश्चित उद्भवणारी आणि आधी कळणारी घटना आहे. तेव्हा टकरीचा दोष निर्मात्याचा नसला तरी सदोष रचनेमुळे टकरीत जी इजा वाढली, तेवढ्या वाढीव इजेपुरते तरी त्याने उत्तर दिले पाहिजे, असे ते न्यायालय म्हणाले. १९६५ साली मोटारींच्या असुरक्षित रचनेवर टीका करणाऱ्या राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने उठविलेले वादळ आणि १९६६ चा अमेरिकन वाहनसुरक्षा कायदा ही या निर्णयाची पार्श्वभूमी होती.

टकरीबाबत एवढे मान्य झाले, खुद्द वेग मात्र सुटला. या कौलाच्या आदल्याच वर्षी, १९६७ साली, न्यायालयापुढे एका फिर्यादीचा आरोप होता की, ताशी ११५ मैल धावू शकणारी मोटार घडवून विकणे हाच निष्काळजीपणा आहे. अशाच वेगाने आलेल्या एका इम्पाला गाडीने त्याच्या गाडीला धडक दिली होती. न्यायालयाने त्याची दाद घेतली नाही. सुरीने खून झाला म्हणून लोहाराला फाशी देत नाहीत, हाच त्या विचाराचा गाभा, आणि तो टाकाऊ नाही. पाय दाबला तो चालकाने. त्याच्या स्वेच्छेचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर टाकले तर माणसाच्या नैतिक कर्तृत्वाला अर्थच उरणार नाही.

परंतु लोहार आपल्या सुरीची जाहिरात खुनाच्या सोयीसाठी करीत नाही. मोटारीचे कारखानदार मात्र शून्यापासून शंभरापर्यंतचे सेकंद अभिमानाने छापतात. वेग आवरणे अशक्य होते असेही नाही. सिनसिनाटी शहरात १९२३ साली बेचाळीस हजारांहून अधिक नागरिकांनी सही करून अशी मागणी केली की, शहरातील मोटारींना ताशी २५ मैलांपलीकडे जाऊ न देणारे यंत्र बसवावे. मोटारधंद्याने एकवटून तो ठराव मतदानात पाडला. पुढे जर्मन कारखानदारांनी आपसांत २५० किलोमीटरची आणि जपान्यांनी १८० किलोमीटरची मर्यादा आपखुशीने पाळली. व्होल्वोने २०२० पासून आपल्या सर्व गाड्या १८० वर रोखल्या. ज्याच्या हातात लगाम आहे आणि ज्याने तो वेळोवेळी खेचूनही दाखविला आहे, त्याला आपले हात बांधलेले होते अशी कैफियत देता येत नाही.

या विचाराची आजची अवस्था फ्लोरिडातील एका निकालात दिसते. २०१८ साली फोर्ट लॉडरडेल येथे अठरा वर्षांच्या एका तरुणाची टेस्ला मोटार ताशी ११६ मैलांच्या वेगाने जाऊन वळणावरील भिंतीवर आदळली. तो आणि त्याचा शेजारी बसलेला मित्र दोघेही मृत्यू पावले. आईबापांनी त्या गाडीला ताशी ८५ मैलांची मर्यादा घालून घेतली होती. पुढे गाडी दुरुस्तीस गेली असता मुलाच्या सांगण्यावरून कंपनीच्या माणसांनी ती काढून टाकली आणि आईबापांना त्याची खबर नव्हती. २०२२ मध्ये ज्यूरीने दोषाची वाटणी केली: मुलाकडे नव्वद टक्के, बापाकडे नऊ आणि कंपनीकडे एक. एक टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो; परंतु एका गाडीपुरता आणि एका कुलुपापुरता का होईना, वेग मोकळा करणाऱ्याच्या नावावर दोष चढला.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार अद्याप दाराशीच आहे. २०१७ मधील एका अपघातात क्रेटा गाडीच्या हवेच्या पिशव्या फुगल्या नाहीत, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ह्युंदाई कंपनीविरुद्धचा नुकसानभरपाईचा हुकूम कायम केला. गती आणि आघात यांचे गणित मांडीत बसणे हे ग्राहकाचे काम नव्हे, असे न्यायालयाने बजावले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष रचनेसाठी निर्मात्यास जबाबदार धरले आहे, पण वस्तूचा गैरवापर झाला असल्यास विक्रेत्याविरुद्ध दावा चालणार नाही, हा अपवादही तेथेच आहे. आणि अतिवेग हा गैरवापर नव्हे काय, असे प्रतिवादीचा वकील विचारणारच. जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे अधूनमधून व १२० च्या पुढे अखंड सूचनाध्वनी वाजतो. मालमोटारीला मात्र वेगनियंत्रक सक्तीचा आहे. मालमोटार रोखावी आणि खासगी मोटारीला केवळ कानात सांगावे, या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे; कारण २०२२ साली देशात रस्त्यांवर मेलेल्या १,६८,४९१ माणसांपैकी शेकडा एकाहत्तरांच्या नावापुढे सरकारी अहवालात अतिवेग हेच कारण आहे.

माझे मत असे की, दायित्व हे ज्ञान आणि सत्ता यांच्यामागून गेले पाहिजे. १८४२ साली टपालगाडीचा मक्तेदार गाडी सुटल्यावर तिच्याविषयी काहीच जाणत नव्हता. आजची मोटार रस्त्यावरील फलक वाचते, नकाशावरून मर्यादा ओळखते आणि कारखान्यातून दुरून धाडलेल्या हुकुमाने रातोरात बदलते. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओळखून चालकास सावध करणारी यंत्रणा सक्तीची केली आहे. अखेरचा शब्द तेथेही चालकाचाच आहे, आणि तो तसा असावा. ज्याने ती सूचना डावलली त्याचा गुन्हा त्याचाच. परंतु जी मर्यादा घालणे निर्मात्यास स्वस्त व सुलभ होते आणि जी त्याने केवळ माल खपावा म्हणून घातली नाही, तिच्या अभावाने इजा जेवढी वाढली तेवढ्यापुरते त्याने उत्तर द्यावे, हा १९६८ चाच न्याय एक पाऊल पुढे नेणे होय. त्याने चालकाच्या शिक्षेत तसूभरही घट होणार नाही. पंचनाम्यात एक रकाना मात्र वाढेल, आणि विक्रीस काढण्यापूर्वी त्या रकान्याचा हिशेब कारखान्याला करावा लागेल.