एका दिवसाचा राजा

मलय भाषेत नवरा-नवरीला 'राजा सेहारी' म्हणतात. म्हणजे एका दिवसाचे राजा-राणी. निकाह झाल्यावर दोघांना 'पेलामिन' नावाच्या सजवलेल्या आसनावर बसवतात. नवऱ्याच्या कमरेला जरीकाम केलेले 'सोंगकेत' कापड, त्यात खोवलेली क्रिस ही कट्यार आणि पोटावर 'पेंडिंग', म्हणजे चांदीचे रुंद कंबरपदक. नवरीच्या छातीवर एकाखाली एक लटकणारी 'दोकोह' पदके आणि अंबाड्यात 'चुचुक सांगुल' हे काटे. पाहुणे एकेक करून पुढे येतात आणि दुवा देतात.

पेंडिंग घडवायला चिकाटी लागते. सोनार राळेवर चांदीचा पत्रा बसवतो, मागून ठोकून नक्षी उठवतो आणि पुढून ती बारीक कोरतो. नक्षीत वेली, पाने, फुले असतात. जिवंत प्राण्यांची चित्रे सहसा टाळलेली असतात. मलेशियाच्या केलांतान राज्यातले चांदीकाम आजही प्रसिद्ध आहे.

हा थाट मुळात राजवाड्याचा. पंधराव्या शतकातल्या मलाक्काच्या सुलतानशाहीत पिवळा रंग राजघराण्यासाठी राखलेला होता. सोन्याच्या दागिन्यांवरही बंधने होती. कोणी काय ल्यावे हे दर्जा ठरवी. फक्त लग्नाच्या दिवशी कोळ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या मुलालाही राजाचा साज चढवण्याची मुभा रूढ झाली. आज तर पुष्कळ जोडपी हा साज नवरी सजवणाऱ्या 'माक आंदाम' बाईंकडून भाड्याने आणतात आणि लग्न उरकले की परत करतात.

इथे आम्हाला प्रश्न पडतो. उसन्या शोभेला मान म्हणायचे की ढोंग? जे आपल्याला मिळालेले नाही ते मिळाल्याचा आव आणणाऱ्याची हदीसमध्ये कडक निंदा आहे. मग भाड्याचे पेंडिंग बांधून राजा होणाऱ्या नवऱ्याचे काय?

पण त्याच हदीस-साहित्यात दुसरी गोष्टही आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे जाड्याभरड्या कापडाचा एक पोशाख होता. प्रेषितांच्या (स.) काळात मदीनेत नवरी सजवायची असली की बाया तो त्यांच्याकडून मागून नेत. सहीह बुखारीत ही हकिकत आली आहे. मागून आणलेला पोशाख तिथे कोणाला लाजिरवाणा वाटला नाही.

या दोन गोष्टींत विरोध नाही असे आम्हाला वाटते. फरक नियतीचा आहे. आव आणणारा समोरच्याला फसवू पाहतो. पेलामिनवर बसलेला मुलगा कोणालाच फसवत नाही. तो राजा नाही हे सगळ्या गावाला ठाऊक असते, आणि उद्या आपलाही मुलगा तिथेच बसणार हेही ठाऊक असते. पाळीपाळीने सगळ्यांना मिळणाऱ्या मानात कोणाचा अपमान होत नाही.

आमच्या वर्गातल्या मुली स्नेहसंमेलनाला शेजारणीच्या बांगड्या, मावसबहिणीचा शरारा घालून येतात. त्यात आम्हाला खोटेपणा दिसत नाही. खोटेपणा दिसतो तो कर्ज काढून केलेल्या लग्नांत. तिथे दागिना नवरीसाठी नसतो, शेजाऱ्याने मान खाली घालावी म्हणून असतो. मग दुसरा बाप त्याहून मोठे कर्ज काढतो. उसना दागिना दुसऱ्या दिवशी परत जातो. कर्ज मात्र घरात राहायला येते.

राजांचे सोने तरी कुठे कायमचे होते? 1510 साली गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्क पुढच्याच वर्षी मलाक्कावर चालून गेला. 1511 साली शहर पडले. लूट भरलेले त्याचे 'फ्लोर दे ला मार' जहाज सुमात्राच्या किनाऱ्याजवळ बुडाले. सुलतानशाही गेली, सोने पाण्यात गेले. गरिबाच्या मुलाला एक दिवस राजा मानण्याची रीत मात्र टिकली.

म्हणून दागिन्याचे वजन करताना तराजू बाजूला ठेवून एवढेच विचारावे: हा अंगावर चढल्याने पाहणारा खुश होतो की खजील? पहिले असेल तर भाड्याची चांदीही हलाल शोभा आहे. दुसरे असेल तर स्वतःच्या मालकीचे सोनेही उसनेच समजावे.