वीस मिनिटांची नळी

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या शिवारात रात्री दारं धरायला निघालेल्या माणसाच्या हातात बॅटरी असते, खांद्यावर खोरं असतं आणि पायात साधी चप्पल. कधी तीही नसते. शेतीची वीज रात्रीची आली की पाणीही रात्रीच द्यावं लागतं. उसाच्या सरीत उंदीर असतात, उंदरांच्या मागावर घोणस येते. मग कुणीतरी घरी धावत येऊन सांगतं, "पान लागलं." रात्री सापाचं नाव घेत नाहीत.

इथून पुढचा तास सगळं ठरवतो. देवऋषीकडे न्यायचं की दवाखान्यात, दोर बांधायचा की नाही, गाडी कुणाची मिळणार, हे सगळं त्या एका तासात. दोर बांधू नये, जखम कापू नये, पाय हलू देऊ नये आणि तडक दवाखाना गाठावा, हे आता बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक झालंय. घाबरलेल्या घरात ते आठवणं मात्र वेगळं.

दवाखान्यात पोचल्यावर पहिली महत्त्वाची तपासणी होते ती अगदी साध्या वस्तूवर. शिरेतून दोनेक मिलिलिटर रक्त काढायचं, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं आणि 20 मिनिटं ती नळी हलवायची नाही. नंतर एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं, ओघळलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषानं गोठण्याची क्रिया मोडली आहे असं समजून प्रतिविष चालू करायचं. नाग आणि मण्यार यांच्या दंशात हीच नळी फसवी ठरते. तिथे रक्त व्यवस्थित गोठतं, पण पापण्या जड होऊन मिटतात, बोलणं गेंगाणं होतं, मग श्वास अडू लागतो. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तेव्हा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतंय म्हणून माणूस उठतो आणि घरातले ओवा देतात.

या पट्ट्यात हे ज्ञान मुरलं ते नारायणगावच्या डॉ. सदानंद आणि डॉ. पल्लवी राऊत या दांपत्यामुळे. तीन दशकांहून अधिक काळ ते सर्पदंशाचे रुग्ण तपासत आले आहेत. जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांतून आलेला रुग्ण पुण्याच्या वाटेवर दगावू नये, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी ते दवाखान्याबाहेरही बोलत राहिले. रात्री शेतात जाताना बूट घाला, बॅटरी घ्या, खाटेवर झोपा, मच्छरदाणी खोचून घ्या, असं सांगणाऱ्या व्याख्यानाला संशोधन म्हणायचं का, असा प्रश्न एखादा विद्वान विचारील. महाळुंग्यातली बाई विचारणार नाही.

कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी असंच एका विषाशी आयुष्य बांधून घेतलं. तांबडा विंचू डसला की लहान मूल घामानं भिजायचं, ओकायचं, हातपाय गार पडायचे आणि फुप्फुसांत पाणी भरून काही तासांत जायचं. बावस्कर रात्र-रात्र खाटेशी बसून नोंदी घेत राहिले. त्यातून त्यांना हृदयावरचा ताण उमगला आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचवावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवलं. 1982 आणि 1986 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'नं त्यांचं काम छापलं. पद्मश्री जाहीर झाली 2022 मध्ये. मधली चाळीस वर्षं गोळी आपलं काम करतच होती.

सन्मानाचं असंच असतं असं म्हणून सोडून देता आलं असतं, पण हाफकिन आठवतो. वाल्डेमार हाफकिननं जानेवारी 1897 मध्ये मुंबईत आपण बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेली 19 माणसं धनुर्वातानं गेली, आणि दोष आला हाफकिनवर. निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. त्याच्या परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव लागलं 1925 मध्ये. चार प्रमुख विषारी सापांवर चालणाऱ्या प्रतिविषाच्या कुपीवर आज 'हाफकिन' वाचणाऱ्याला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही.

आरोग्यावर लिहिणाऱ्यांच्या वाट्याला तर सन्मानाआधी समन्स आलं. र. धों. कर्व्यांनी जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. लैंगिक आरोग्य आणि संततिनियमन यांवर मराठीत स्वच्छ लिहिण्याचा गुन्हा त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत केला. अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी दंड झालाच. अंक मात्र निघत राहिला.

आजच्या वृत्तपत्रातली सर्पदंशाची बातमी दोन ओळींची असते: अमुक गावी शेतकऱ्याचा मृत्यू. किती वाजता चावला, दवाखान्यात किती वाजता पोचला, तिथे प्रतिविष होतं का, गाडी का मिळाली नाही, यातलं काही त्यात नसतं. हे चार प्रश्न विचारून केलेली बातमी पुरस्काराच्या यादीत जावी, इतकी ती दुर्मीळ आहे. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज. वर्षाला सरासरी 58 हजार. केंद्राचा राष्ट्रीय कृती आराखडा आला मार्च 2024 मध्ये. एवढी माणसं दोन-दोन ओळींत मावली, म्हणूनही तो इतका लांबला असावा.

महाळुंगे पडवळला गौरव करण्याची सवय जुनी आहे. इथला बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत विलायती कापडाची लॉरी अडवताना तिच्याखाली गेला. मुंबईच्या गिरणीत राबणारा, शेतकऱ्याच्या घरचा पोरगा. त्या तारखेला इथे हार चढतात. तो महिना रब्बीच्या पाण्याचा असतो, आणि संध्याकाळी हार घालून आलेला माणूस रात्री दारं धरायला जातो.

डॉक्टरांच्या सत्काराची भाषणं वीस मिनिटांत कधी संपत नाहीत. नळीला मात्र तेवढाच वेळ हवा असतो. ती साबणानं धुतलेली असली, ओली असली किंवा प्लास्टिकची असली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि गरज नसलेल्या माणसाच्या शिरेत प्रतिविषाच्या दहा कुप्या जातात. म्हणून जाणती परिचारिका काचेच्या कोऱ्या नळ्या वेगळ्या डब्यात ठेवते आणि डब्याला हात लावू नका म्हणून नव्या पोरांना दटावते.