आधी गोळी की आधी भिंत?

गेल्या श्रावणात आमच्या घरात एक खून झाला. निम्मा आमच्या घरात आणि निम्मा पुण्याला. मारणारा माझा नातू, मेलेलाही माझा नातू, आणि नेमका कोण मेला यावरच वाद पडल्यामुळे न्यायदानाचं काम माझ्याकडे आलं. आमच्या सौभाग्यवतींचा याला विरोध होता. चौतीस वर्षांच्या मास्तरकीत वर्गातली पेन्सिल कोणी चोरली हे ज्या माणसाला एकदाही ठरवता आलं नाही, त्याच्याकडे खुनाचा खटला देऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

हकीकत अशी. मुलाचा मुलगा आमच्याजवळ वारंगा फाट्याला असतो आणि मुलीचा मुलगा पुण्याला, कोथरूडात. दोघं रात्री मोबाइलवर बंदुकांचा खेळ खेळतात. त्या रात्री फाट्याच्या नातवानं पुण्याच्या नातवावर गोळी झाडली. ती लागलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली, आणि पुढच्या क्षणी मेला मात्र हाच.

"आबा, देवाशपथ, म्या आधी मारलं होतं!" हा ओरडला. तेवढ्यात पुण्याहून फोन. "आबा, त्यानं गोळी मारली तेव्हा मी तिथे नव्हतोच. मी केव्हाच भिंतीमागे गेलो होतो."

दोन्ही मुलं खरं बोलणारी. निदान आजोबांशी तरी. तेव्हा मला लॅग नावाचं प्रकरण मुळापासून समजून घ्यावं लागलं.

या खेळात गोळी बंदुकीतून सुटून शत्रूला लागते हा गैरसमज आहे. गोळी आधी सर्व्हर नावाच्या यंत्राकडे अर्ज करते. सर्व्हर म्हणजे पंच. अर्ज पोचला, नोंद झाली, मंजुरी परत आली, की मग शत्रू मरतो. या जाण्यायेण्याला लागणारा वेळ पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यानं दिसतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात. पुण्याचा आकडा अठरा. आमचा संध्याकाळी नव्वदच्या खाली येत नाही. आपली पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो, पण या खेळात तेवढ्यात माणूस मरून त्याचं तेरावं होतं.

मी जुना गणिताचा मास्तर. हिशेब मांडला. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. पंच मुंबईत बसला आहे असं धरू. फाट्यापासून मुंबईपर्यंत 600 किलोमीटर तार धरली, तर जाऊन-येऊन फक्त 6 मिलिसेकंद. मग उरलेले चौऱ्याऐंशी गेले कुठे? एस.टी.नं हिंडलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गाडी रस्त्यावर वेळ घालवत नाही, थांब्यावर घालवते. संध्याकाळी सगळं गाव एकाच टॉवरवर सिनेमे बघत बसलेलं असतं, आणि आमच्या नातवाची गोळी त्यांच्या मागे रांगेत उभी असते.

पंच सिंगापूरला असला तर गोष्ट वेगळी. मुंबईपासून ते सरळ रेषेत 3900 किलोमीटरच्या आसपास. तिथं प्रकाशालाच जाऊन-येऊन जवळजवळ 40 मिलिसेकंद लागतात आणि त्यात कोणाची सुटका नाही. म्हणजे उशिरातही दोन जाती आहेत. एक देवानं केलेला आणि दुसरा माणसांनी. पहिल्याबद्दल आपण कुरकुर करतो, दुसरा गुपचूप सोसतो. वास्तविक उलटं पाहिजे.

फाटा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. नागपूरकडून येणारा रस्ता आणि हिंगोलीकडून येणारा रस्ता आमच्याकडे एकत्र होऊन नांदेडला जातात. त्यामुळे गाड्या रग्गड. पण फाट्यावर गाडी सुटत नाही. ती येते, आणि येते तीच भरून. मूळ स्टँडवर ज्यांनी खिडकीतून रुमाल टाकले, त्यांच्या जागा. आम्ही दांड्याला लोंबकळणारे. रुमाल टाकणारा आधी आला होता, हे खरं. पण मी पहाटे पाचपासून फाट्यावर उभा होतो आणि तो सव्वासहाला उठला होता, हेही खरंच. 'आधी' हा शब्द गाडी जिथून सुटते तिथूनच मोजायचा, हे ठरवलं कोणी? मी चाळीस वर्षं खिशात रुमाल बाळगला. नाक पुसण्यापलीकडे तो कधी कामी आला नाही.

आमचा सर्व्हर हलवून पाहिला नाही असंही नाही. 1948 पर्यंत आमचा पंच हैदराबादला निजामाच्या दरबारी होता. 1956 साली तो मुंबईला गेला. जिल्ह्याच्या कामाला परभणीला जावं लागे, तर 1 मे 1999 ला हिंगोलीचाच जिल्हा झाला. पंच जवळ आला. आकडा तेवढाच राहिला.

असल्या खेळवाल्यांना हे दुखणं ठाऊक आहे आणि त्यावर त्यांनी मोठा दयाळू उपाय काढला आहे. सर्व्हर प्रत्येकाचा उशीर लक्षात ठेवतो. लांबच्याची गोळी आली की तो म्हणतो, 'थांबा, याला निघायला उशीर झालेला नाही, पोचायला झालाय.' मग तो घड्याळ तेवढं मागं फिरवतो, त्या क्षणी शत्रू कुठं होता ते बघतो आणि तिथं गोळी लावतो. मला हे फार आवडलं. लॅगला मराठीत शब्द कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, अनुशेष. 1983 साली वि. म. दांडेकरांच्या समितीनं आमच्या अनुशेषाचा हिशेब मांडायला घेतला. आमचंही घड्याळ मागं फिरवायचं ठरलं होतं.

पण या दयेची एक गोम आहे. ती मला पुण्याच्या फोनवरून कळली. लांबच्यासाठी घड्याळ मागं फिरवलं, की जवळचा भिंतीमागं सुखरूप उभा असताना मरतो! त्यानं काय पाप केलं? तो वेळेवर लपला होता. एका नातवाला न्याय द्यायचा तर दुसऱ्याला भिंतीआड मारावं लागतं. मी तीन दिवस निकाल राखून ठेवला.

त्या तीन दिवसांत मला दुसरीच एक गोष्ट आठवत राहिली. 1979 साली मी प्रशिक्षणासाठी मुंबईत होतो. इकडे दुपारी चारला वडील गेले. तार रात्री वसतिगृहावर आली आणि राखणदारानं ती नीट रजिस्टरखाली ठेवली. मला मिळाली सकाळी. मधल्या संध्याकाळी मी दादरला वडिलांसाठी कोल्हापुरी चपला घेतल्या. नऊ नंबर, पुढून जरा रुंद, कारण त्यांना अंगठ्याला लागायचं. दोन रुपये घासाघीस केली. मग शिवाजी मंदिरात नाटक पाहिलं आणि पोट धरून हसलो. माझ्या पडद्यावर वडील चालत-बोलत होते.

मनमाडला गाडी बदलून, मीटरगेजनं नांदेड आणि मग फाटा. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. थोरल्या भावानं पिशवीतल्या चपला पाहिल्या. "कधी घेतल्यास?" मी म्हटलं, "आदल्या दिवशी." मीही घड्याळ मागं फिरवलं. त्या संध्याकाळी मी काही वाईट केलं होतं का, हे मला अजून सांगता येत नाही. पण खोटं बोललो, याचा अर्थ मला तसं वाटलं होतं. भाऊही आता नाही. चपला माळ्यावर आहेत.

निकाल मी असा दिला: पुण्याच्या नातवानं दिवाळीच्या सुट्टीत फाट्यावर येऊन खेळावं. तो आला. दोघांचेही आकडे नव्वद झाले. दोघंही तिसऱ्याच कोणाच्या तरी गोळीनं सारखेच मरू लागले आणि घरात शांतता नांदली.

त्याच सुट्टीत दोघांना घेऊन आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होऊ घातली आहे. 2023 साली केंद्र सरकारनं तिला 2600 कोटी मंजूर केले. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, एकमेकींपासून 3000 किलोमीटरवर. 2015 साली पहिली लहर एकीला लागली आणि दुसरीला सुमारे 7 मिलिसेकंद उशिरा. ती आकाशाच्या कोणत्या बाजूनं आली याचा अदमास त्या उशिरावरूनच बांधला. मी बसमध्ये हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. फाट्याचा नातू म्हणाला, "त्यांना सातात अख्खं आकाश घावलं, आन् आपल्याला नव्वदात जिन्यावरला माणूस घावंना."

देवळात मी नामदेवांची कथा सांगितली. नामदेव समोर उभे राहून कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागं घालवलं, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. म्हणूनच इथं नंदी देवाच्या मागच्या अंगाला आहे. फाट्याचा नातू खूश. "म्हंजी देवानं सर्व्हरच फिरवला!"

पुण्याचा नातू मात्र नंदीकडे बघत राहिला. "पण आबा, जे सकाळपासून समोर बसले होते ते एकदम मागे गेले ना? त्यांची काय चूक?"

"त्याह्यनी नामदेवाला उठवायचं नव्हतं."

"सगळ्यांनी कुठे उठवलं? पुजाऱ्यांनी उठवलं."

ही जुंपलेली स्टँडपर्यंत मिटली नाही. गाडी लागली. गर्दी उसळली, आणि तेवढ्यात फाट्याच्या नातवानं माझ्या खिशातला रुमाल ओढून खिडकीतून आत भिरकावला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! आम्ही रेटारेटी करत आत शिरलो. आमच्या जागेवर एक म्हातारी बसली होती. पायाशी गाठोडं, धाप लागलेली, आणि हातात माझा रुमाल.

"ह्यो कुणाचा हाय, बाप्पा?" तिनं विचारलं.

दोन्ही नातू माझ्याकडे बघत होते.