कोळशाचा हिशोब

मँचेस्टर शहरात एक तरुण मास्तर होता. त्याचे नाव विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स. १८६३ साली तो ओवेन्स कॉलेजात लागला तेव्हा त्याचा हुद्दा अगदी खालचा होता. मागे पडलेल्या मुलांना जे अडेल ते समजावून द्यायचे, हे त्याचे काम.

त्याचे घराणे लिव्हरपूलचे, लोखंडाच्या व्यापारातले. तो बारा वर्षांचा असताना घरच्या पेढीचे दिवाळे निघाले. पुढे शिक्षण अर्धवट टाकून तो ऑस्ट्रेलियात गेला आणि सिडनीच्या टांकसाळीत सोन्याचा कस पाहू लागला. पाच वर्षांनी परतला, राहिलेले शिक्षण पुरे केले आणि अर्थशास्त्राकडे वळला. त्याने लिहिलेले एकदोन निबंध चांगले होते, पण फारसे गाजले नाहीत.

मग त्याने ठरवले की लोकांच्या काळजीचाच विषय हाती घ्यायचा. कोळशावर चांगले पुस्तक लिहिले तर लोकांचे लक्ष जाईल, असे त्याने भावाला पत्रात कळवलेही होते. मास्तर साधा होता, भोळा नव्हता.

कोळसा कुठे नव्हता? गिरण्या कोळशावर चालत, आगगाड्या कोळशावर, घरोघरच्या शेगड्याही कोळशावर. मास्तर आकडे मांडत बसला. १८६१ साली ब्रिटनमध्ये ८ कोटी ३६ लाख टन कोळसा निघाला होता. मागणी दरसाल शेकडा साडेतीनने वाढत होती. याच चालीने गेले तर शंभर वर्षांनी, १९६१ साली, एका वर्षाला २६० कोटी टन लागतील असे गणित आले. त्याने ते पुन्हा करून पाहिले. उत्तर तेच.

कोळसा एका दिवशी संपेल असे तो म्हणत नव्हता. कणगीत वरून नवे धान्य पडत नाही आणि हात मात्र रोज खोल जातो, तशी त्याला खाणीची गत दिसत होती. खाण जितकी खोल, तितका कोळसा महाग. कोळसा महागला की देशाची भरभराट थांबणार, एवढेच त्याचे म्हणणे होते.

लोक म्हणत, काळजी कशाला? यंत्रे दिवसेंदिवस सुधारताहेत. थोड्या कोळशात जास्त काम होईल आणि कोळसा आपोआप वाचेल.

मास्तरालाही हे आधी पटण्यासारखेच वाटले असेल. कोणालाही वाटावे असेच ते आहे. पण त्याने स्कॉटलंडच्या लोखंडाच्या भट्ट्यांचे आकडे काढले. तिथे पूर्वी भट्टीत थंड हवा फुंकत. मग एकाने युक्ती काढली की हवा आधी तापवायची आणि मग फुंकायची. एक टन लोखंडाला जेवढा कोळसा लागत असे, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी आता लागू लागला. बचत खरी होती, डोळ्यांना दिसत होती. पण १८३० ते १८६३ या काळात तिथला कोळशाचा एकूण खप दसपट झाला होता. लोखंड स्वस्त झाले, म्हणून ते जास्त खपले. जास्त खपले, म्हणून नव्या भट्ट्या पेटल्या. बचतीनेच खप वाढवला होता. मास्तराने हे सारे पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात लिहून ठेवले.

पुस्तक १८६५ साली निघाले आणि मास्तराचे दिवस पालटले. विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने पार्लमेंटात पुस्तकाचा दाखला दिला. अर्थमंत्री ग्लॅडस्टनने ते वाचले. कोळशाचे साठे मोजायला सरकारने कमिशन नेमले. मास्तर त्याच कॉलेजात प्राध्यापक झाला आणि दहा वर्षांनी लंडनला गेला.

धास्ती मात्र त्याच्या मनातून गेली नाही. उद्या कागदाचाही तुटवडा पडेल असे वाटून त्याने घरात कागदाचे गठ्ठे आणून ठेवले. लिहायचे कागद, आणि पुडक्यांना गुंडाळायचे पातळ तपकिरी कागदसुद्धा. १८८२ साली हेस्टिंग्जजवळ समुद्रात पोहताना तो बुडाला. वय अवघे ४६. पन्नासहून अधिक वर्षांनी केन्स या अर्थशास्त्रज्ञाने लिहिले की त्याच्या मुलांना तो कागद अजून पुरतो आहे.

कोळशाचेही तसेच झाले. ब्रिटनचे उत्पादन १९१३ साली २८ कोटी ७० लाख टनांवर गेले आणि मग उतरू लागले. १९६१ साल आले तेव्हा ते वीस कोटींच्याही आत होते. मधल्या काळात खनिज तेल आले होते, वायू आला होता, वीज घरोघरी पोचली होती. जेव्हन्सला तेल ठाऊक नव्हते असे नाही. पुस्तकात त्याने त्याचा विचार केला होता, पण त्याचा साठा तुटपुंजा आणि बेभरवशाचा असे म्हणून बाजूला सारले होते.

ज्या आकड्याने मास्तराला नाव मिळवून दिले, तो आकडा चुकला. पार्लमेंटातला गाजावाजा त्याच आकड्याचा होता. सातव्या प्रकरणाने मात्र कोणाची भीड धरली नव्हती. तिथे पुढच्या शंभर वर्षांचे भाकीत नव्हते, होऊन गेलेली एक गोष्ट नीट पाहून, आपल्याच वाचकांना न रुचेल अशी, सांगितलेली होती. ते प्रकरण राहिले.

आज कमी इंधनाची मोटार निघाली, कमी विजेचा दिवा निघाला, की ऊर्जेवर काम करणारे प्राध्यापक त्या प्रकरणापाशी येतात. बचतीनेच खप वाढतो, याला जेव्हन्सचा विरोधाभास असे म्हणतात. यंत्राने वाचवलेल्यातले किती वाढत्या खपात परत जाते, थोडे, निम्मे की सगळेच, यावर मात्र त्यांच्यात अजून वाद चालू आहे.